जुन्या बसच्या वाटेनं उम्म खालिदकडे

मुंबईच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या पोरानं माझी पिशवी उघडली आणि नाक मुरडून विचारलं, "मावशी, हे चामड्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "चामडं तुझ्या पायात असेल. ही आंबापोळी आहे. कोकणात कधी गेला नाहीस वाटतं?" आमचे हे मागून माझा पदर ओढत होते. पहिल्यांदा विमानात बसणारी बाई सरकारी माणसाशी भांडते म्हणजे काय! पण ती आंबापोळी मी मे महिन्यात स्वतःच्या हातानं वाळवली होती आणि ज्या बाईसाठी नेत होते, तिच्यासाठी मी कुणाशीही भांडले असते.

ती बाई कोण ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचे हे बरीच वर्षं कुवेतला शहरातली बस चालवायचे. मी मुलाला घेऊन चिपळूणजवळच्या आमच्या वाडीत. मग एका उन्हाळ्यात इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि बसगाड्या बंद पडल्या. हे आणि यांच्या खोलीतले दोघे-तिघे बनेद अल-गार नावाच्या वस्तीत अडकले. दुकानं बंद, पगार बंद, फोन बंद. त्या दिवसांत एका कुवेती बाईनं यांना जेवू घातलं. यांच्या बसच्या रस्त्यावर तिचं घर होतं. घराच्या कुंपणाला लागूनच थांबा होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी भिंतीबाहेर थंड पाण्याची टाकी ठेवलेली. हे रोज तिथं बाटली भरून घ्यायचे. ओळख काय ती एवढीच. पण लढाईत हे त्या पाण्यासाठी चालत गेले आणि बाईनं भाताचं पातेलं बाहेर आणून ठेवलं. मग दोन महिने ती ठेवतच राहिली.

माझं कुंकू त्या बाईनं राखलं, असंच मी मानत आले. तिला एकदा डोळ्यांनी बघायचं आणि हात जोडायचे, एवढंच माझ्या मनात होतं. आमचा महेश कुवेतला नोकरीला लागला, त्यानं महिन्याभराचा व्हिजा काढून आम्हाला बोलावलं, तेव्हा सुनेनं फोनवर विचारलं, "आई, काय काय बघायचंय इथे?" मी म्हटलं, "उम्म खालिद."

उम्म खालिद म्हणजे खालिदची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात. यांना तिचं दुसरं नाव ठाऊक नव्हतं. आणि पत्ता? पत्ता विचारला की हे हात हलवून सांगायचे, "बसनं गेलं की घर येतंच."

विमान खाली उतरताना मला वाटलं, खाली कुणीतरी चुलीतली राख पसरून ठेवलीय. मग त्या राखेत रस्ते दिसायला लागले, सरळसोट, पट्टी लावून आखल्यासारखे, आणि एका बाजूला निळाशार समुद्र. डिसेंबर होता. बाहेर आलो तर हवा अशी गार की मी शाल पांघरली. "अगो बाई, वाळवंटात थंडी?" असं म्हटलं तर नात म्हणाली, "आजी, इट्स विंटर!" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. माझं इंग्रजी तिच्यामुळेच सुधारलं.

महेश महबूलाला राहतो. समुद्राला लागून उंच उंच इमारती आणि त्यात सगळी आपलीच माणसं. कुणाच्या घरातून सांबाराचा वास, कुणाच्या घरातून माशाच्या तिखल्याचा. पहिल्या सकाळी मी गॅलरीत उभी राहून समुद्र बघितला. लाट म्हणून नाही. आमच्या गुहागरचा समुद्र कसा गाजतो, हा आपला ताटात ओतलेल्या पाण्यासारखा. पण रंग सुंदर, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी महेशला सुट्टी. आम्ही गाडीतून निघालो. हे पुढे बसले, इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापूनचोपून. नवरदेव तेवढा सजत नाही. मिरगाब म्हणजे शहराच्या पोटातला भाग, तिथून यांची बस सुटायची. तिथून आम्ही यांच्या सांगण्याप्रमाणे चाललो. "हा मशिदीचा थांबा. आता बेकरीचा येईल. मग चौकातून उजवीकडे, मग पाण्याचा थांबा." थांब्यांची ही नावं या ड्रायव्हर मंडळींनीच ठेवलेली, सरकारला त्याचा पत्ता नाही. मशीद होती. बेकरी गेलेली, तिथं मोबाईल विकत होते. आणि तो गोल चौक बुजवून त्याच्यावरून पूल गेला होता. महेश पुलावर चढला आणि आम्ही जे वाहून गेलो ते तिसऱ्याच वस्तीत उतरलो.

"बाबा, ब्लॉक नंबर, गल्ली नंबर काहीतरी सांगा ना. इथे पत्ता तसाच असतो," महेश म्हणाला.

"मी बस चालवायचो. टपाल नाही वाटायचो," हे म्हणाले.

परत आलो. दस्मा आणि दय्या या जोडीच्या वस्त्या आहेत, त्यांच्या रस्त्यांवरून तासन्‌तास फिरलो. दोन्ही बाजूंना पिवळट भिंती, लोखंडी दारं, पुन्हा भिंती. सगळी घरं एकाच आईची लेकरं. पाण्याच्या टाक्या होत्या, पण दर चार घरांमागे एक, आणि सगळ्या नव्याकोऱ्या. शेवटी हे एका दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "हेच." बेल वाजवली. महेशनं विचारलं, उम्म खालिद आहेत का? आतून हसतमुख बाई आली, "हो, मीच." तिचं वय माझ्या सुनेएवढं आणि खालिद तिच्या कडेवर! आमची तोंडं बघून तिला काय वाटलं कोण जाणे, पण तिनं आम्हाला बसवून गहवा (वेलची घातलेली बिनदुधाची कॉफी) आणि खजूर दिले, आणि निघताना माझ्या पिशवीत आणखी खजूर कोंबले. माणसं मायाळू, यात शंका नाही. पण आमची उम्म खालिद ती नव्हे.

पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. आता महेश गाडी काढताना आधी सुनेकडे बघायला लागला. आणि तिसऱ्या शुक्रवारी पुलाखाली गाडी थांबलेली असताना हे एकदम म्हणाले, "चल घरी. राहू दे."

"राहू दे म्हणजे?" मी म्हटलं.

"नाही सापडत. रोज फेऱ्या मारल्या या रस्त्यानं, आणि माझा रस्ता मलाच सापडत नाही. पोराला वाटत असेल, बाप नुसत्या बाता मारायचा."

"बाबा, मी असं कधी—" महेश म्हणाला.

"तू नाही. पण वाटलं तर चूक काय त्यात?"

त्या दिवशी हे नीट जेवले नाहीत. मला खरं सांगायचं तर रागच आला. त्यांचा नाही, त्या पुलाचा. माणसाच्या उमेदीची सगळी वर्षं ज्या रस्त्यावर गेली तो असा पुसून टाकायचा? आणि व्हिजा संपत आलेला. हात हलवत परत गेलो असतो तर हे पुन्हा कुवेतचं नाव काढणार नव्हते, आणि मला ती बाई मरेपर्यंत टोचत राहिली असती.

सोमवारी महेश अम्गऱ्याला कामावर गेला. तिथं यंत्रांची वर्कशॉपं आणि भंगाराची आवारं आहेत, तो सकाळी जातो तो अंधार पडल्यावर काळा होऊन येतो. मी यांना म्हटलं, "तुमची जुनी खोली तरी दाखवा मला. तेवढी तरी आहे की तीही बुडवलीत?" चिडवल्याशिवाय हे हलत नाहीत. टॅक्सी करून बनेद अल-गारला गेलो.

खोली पाडलेली होती, पण खालचा बकाला (किराणा दुकान) शिल्लक होता, आणि गल्ल्यावर बसलेला माणूस यांना बघून उठूनच उभा राहिला. "पवारभाऊ! जिवंत आहात?" हा हसनभाई, दाभोळचा. लढाईआधीपासूनचं दुकान. मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही यांच्या हातचं कधी खाल्लंत का? आम्ही खाल्लंय. म्हणून तर सगळे त्या उम्म खालिदच्या पातेल्याची वाट बघायचे."

"तिलाच शोधतोय," मी म्हटलं.

"वहिनी, कुवेतमध्ये डोळे मिटून खडा मारलात तर तो उम्म खालिदलाच लागेल!" तो हसला आणि मग यांचा चेहरा बघून थांबला. "मी कधी गेलो नाही हो तिच्या घरी. पवारभाऊच जायचे. पण शोधताय कसे? गाडीनं? त्या बाजूनं बस जाते अजून. थोडी फिरून जाते, पण दस्म्याच्या आतल्या रस्त्यानंच जाते. बसनं तरी जाऊन बघा."

आम्हाला काही बसची हौस नव्हती. पण टॅक्सी मिळेना आणि समोर बस आली, म्हणून चढलो. ड्रायव्हर केरळचा. बायकांसाठी पुढची बाकं राखलेली असतात, मी तिथं बसले. हे मात्र बसेनात. ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला धरून उभेच राहिले, आणि मी बघते तर यांचा उजवा पाय वळण आलं की खाली दाबला जातोय. ब्रेक कुठाय तिथं? पण पाय दाबतोय. मला हसूच आलं.

मशीद गेली. मोबाईलवाली बेकरी गेली. बस पुलावर न चढता खालून आत वळली. आणि मग मला एक गोष्ट दिसली, ती गाडीतून कधी दिसली नव्हती. भिंतींच्या पलीकडचं. बसमध्ये बसलं की माणूस उंचावर असतो. कुणाच्या अंगणातले वाळत घातलेले कपडे, कुणाचा झोपाळा, कुणाची कोंबडी, सगळं दिसतं. तीन शुक्रवार आम्ही गाडीत बसून भिंती बघत होतो, आणि यांच्या डोक्यातला रस्ता भिंतींचा नव्हताच! हे वरून बघायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

"अहो," मी म्हटलं, "वरून बघा, वरून!"

यांना सांगायची गरजच नव्हती. मान लांब करून हे पुटपुटत होते, "हौदवाला... जिन्यावाली पांढरी गच्ची... आता बोर. आता बोर आलं पाहिजे." आणि आलं. भिंतीआड एक जुनं बोरीचं झाड, आणि मागच्या गच्चीवर हिरव्या रंगाचा कबुतरखाना. हे ओरडले, "रोक! रोक!" ड्रायव्हर दचकला. म्हणाला, थांबा पुढं आहे. हे म्हणाले, "अरे बाबा, थांबा इथेच होता!"

पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही उलट चालत आलो. चालताना पुन्हा सगळ्या भिंती सारख्याच. पण मी मान वर करून बोरीची फांदी धरून ठेवली होती नजरेत, सोडलीच नाही. दाराशी पाण्याची टाकी नव्हती, नुसता तिचा चौथरा उरला होता. बेल मी वाजवली, यांचा हात उठेना.

दार उघडलं ते कामवालीनं. कडप्प्याची लक्ष्मी. तिचं हिंदी माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं लगेच जमलं. आत जाऊन आली आणि म्हणाली, "मामा बोलवतात." मामा म्हणजे मालकीण, तिकडे कामवाल्या तसंच म्हणतात. आत गालिच्यावर लोडाला टेकून एक म्हातारी बाई बसली होती. गोरीपान, काळं वस्त्र, जाड चष्मा. हे दारातच थांबले आणि त्यांचं ते बसमधलं अरबी बोलायला लागले. बाकी त्यांना येतं काय, चढा, उतरा, पुढे सरका! पण त्यातूनच त्यांनी कसंबसं सांगितलं. ड्रायव्हर. पाणी. भात. लढाई.

बाईनं चष्मा पुसला. यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग लक्ष्मीला काही बोलली.

"मामा म्हणतात, आठवत नाही," लक्ष्मी म्हणाली. "त्या वेळी खूप जण यायचे. इजिप्तचे, हिंदुस्थानी, बंगाली. कुणाकुणाचं तोंड लक्षात ठेवणार?"

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं आम्ही हिचं नाव घेतोय, आणि हिला आम्ही शंभरातले एक! यांचा चेहरा पडला. मी आंबापोळी काढून तिच्या पुढ्यात ठेवली, हात जोडले, म्हटलं, आता निघावं. तोंड दाखवून झालं.

यांनी जाता जाता विचारलं, "खालिद? तो पातेलं घेऊन यायचा कधी कधी. मोठा झाला असेल."

लक्ष्मी माझ्याजवळ सरकली. मग हळूच मला म्हणाली, "त्याला नेलं होतं. सैन्य परत जायला निघालं तेव्हा रस्त्यावरून माणसं उचलली, त्यात. इराकचं सरकार पडल्यावर वाळवंटात कितीतरी जणांची हाडं सापडली. याची नाही सापडली अजून. कबुतरं त्याचीच आहेत. मामा रोज दाणे टाकायला लावतात."

हे आत येऊन तिच्या समोर गालिच्यावर बसले.

बाईला कळलं आम्ही काय बोलतोय ते. तिनं हात वर करून लक्ष्मीला थांबवलं आणि सरळ यांना विचारलं, एकच शब्द, "वसल्त?" तेवढं यांना कळलं. पोचलास? हे म्हणाले, हो, पोचलो. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि लक्ष्मीकरवी विचारलं, "तो घरी पोचला तेव्हा दार कुणी उघडलं?"

मी म्हटलं, दार नव्हतं हो, मी खळ्यात होते. भात झोडत होते. ती म्हणाली, सांग. म्हणून सांगितलं. की दिवाळीआधीचे दिवस, कापणी झालेली. विमानानं मुंबई, मग एसटी, मग नाक्यावरून चालत हे आले. दाढी वाढलेली, पायात दोन वेगळ्या वहाणा. कुत्रं भुंकलं. मला वाटलं, कुणी मागणारा आलाय. मी म्हटलं, थांब बाबा, भाकरी देते. आणि हे म्हणाले, "दे."

उम्म खालिद पुढं सरकली. "आवाजावरून ओळखलंस?"

"आवाजावरून. हातातली पेंडी तशीच खाली पडली. धावत जाणार तर सासूबाई ओरडल्या, थांब! आमच्यात लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. भाकरीचा तुकडा आणि पाणी. त्याच्या मागं मागं जे काही वाईट आलं असेल ते दाराबाहेरच राहावं म्हणून. सासूबाईंनी सकाळची अर्धी भाकरी आणली, पण ओवाळायच्या घाईत पाणी सगळं यांच्या अंगावर."

तिला हसू आलं. खळखळून हसली. मग विचारलं, काय जेवला? मी म्हटलं, पिठलं-भात. झोपला का? झोपला, पण खाटेवर नाही, जमिनीवर. मुलानं ओळखलं? नाही, महेश माझ्या पाठीमागे लपला. कुत्रं? ते दुसऱ्या दिवशीही भुंकलं. ती एकेक विचारत गेली आणि मी सांगत गेले. अंगणात ऊन कुठपर्यंत आलं होतं, हेसुद्धा तिला हवं होतं. यांना मान खाली घालून बसलेलं मी बघितलं आणि मला एकदम समजलं, ही हे सगळं कशासाठी विचारतेय ते. तिच्या दारात हे कधी घडलंच नव्हतं. तिला कुणाचं तरी घडलेलं हवं होतं, खरंखुरं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी आभार मानायला आले होते. आभार तिला नकोच होते.

संपल्यावर तिनं आंबापोळी जवळ ओढली. मग म्हणाली, "परत सांग."

मी परत सांगितलं. या वेळी लक्ष्मीपण रडत होती, पण उम्म खालिद रडली नाही. आंबापोळीचा तुकडा तोडून चघळत होती. निघताना तिनं यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, जाण्याआधी पुन्हा या. आम्ही गेलो. बुधवारी गेलो, महेशला घेऊन गेलो, आणि महेशनं आपल्या तोंडानं सांगितलं की तो पाठीमागे कसा लपला होता. त्याला तिनं जवळ बसवून घेतलं आणि तो उठेपर्यंत त्याचा हात सोडला नाही.

शुक्रवारी विमान होतं. मुंबईहून रात्रीची गाडी धरली, सकाळी चिपळूणला उतरलो, आणि रिक्षानं वाडीत आलो. वाडी तीच, नाका तोच. शेजारच्या वहिनींनी दार उघडून ठेवलं होतं, चुलीवर भाकऱ्या चालल्या होत्या. हे सामान घेऊन पायरी चढायला लागले. मी म्हटलं, "थांबा तिथंच."

"आता काय झालं?"

"थांबा म्हटलं ना."

आत जाऊन ताजी भाकरी घेतली, तांब्या घेतला. एक तुकडा यांच्यावरून ओवाळला, पाणी फिरवलं, दूर टाकला. मग दुसरा मोडला आणि पायरीवर जिथं हे उभे होते त्याच्या शेजारी, रिकाम्या जागेवरून, तसाच ओवाळला.

"हा कुणाचा?" यांनी विचारलं.

"खालिदचा," मी म्हटलं. "कुणीतरी ओवाळायला हवं त्याला."

यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि त्या मोकळ्या जागेला वाट द्यावी तसे थोडे बाजूला सरकले.